धुरकट चित्राची तक्रार

पहाडगंज, दिल्ली
८ सप्टेंबर २०२४

अण्णा,

आणि केबल स्वस्त पडते हे तर मला सांगूच नका. दिवसाला चार घरांत छत्री बसवताना मी तेच ऐकतो आणि चारही घरांत तेच उत्तर देऊन येतो. स्वस्त आहे, मान्य. पाऊस आला तरी चित्र जात नाही, तेही मान्य. डिशच्या छत्रीचं तसं नाही, ढग दाटले की चौकोन चौकोन पडतात. पण केबलवाल्याची पेटी नुसती दाखवते. ठेवून घेत नाही. ठेवायचं तर वेगळा पेन ड्राइव्ह खोचा, आणि तो त्याच्या मर्जीने चालणार. तुमच्याकडची छत्रीची पेटी जे दिसलं ते आहे तसं पोटात ठेवते. HD म्हणजे HD. माणसाच्या पापणीचे केस मोजून घ्या. आणि पोटात ठेवणारी तशी पेटी आता नवी मिळत नाही, कंपनीनं काढायची बंद केली. माझ्या ठेकेदाराच्या गोदामात शेवटच्या दोन होत्या, त्यातली एक मी घरी आणली. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितोय, कारण तुमचं पोस्टकार्ड आलं आणि त्यात चार ओळींत तीन वेळा केबल.

म्हणे केबलवाला जुनी पेटी घेऊन नवी देतोय. घेणारच की. त्याला माहीत नाही त्यात काय आहे. तुम्हाला तर माहीत आहे.

आईचं हलणारं-बोलणारं जे काही उरलंय ते त्या पेटीत आहे, दुसरीकडे कुठं नाही. ते वायर लावून बाहेर काढता येत नाही. दुसऱ्या टीव्हीवर चालत नाही. ती पेटी, तिच्यात बसवलेलं तिचंच कार्ड आणि चालू रिचार्ज, एवढं जमलं तरच उघडतं. म्हणून रिचार्ज मी इथून मारतो, तुम्हाला सांगतसुद्धा नाही.

वैजूच्या सासरी आहे की, असं म्हणाल. वैजूकडचा पेन ड्राइव्ह केबलवाल्यानं भरून दिलेला. मी बघितलाय. त्यात आई आहे हे साडीवरून कळतं, एवढंच. तोंड म्हणजे नुसता गव्हाळ डाग.

आणि तोंड दिसायलाच पाहिजे ना, अण्णा? नाट्यगृहात टीव्हीच्या कार्यक्रमाचं शूटिंग होतं, आईनं दोन ओव्या म्हटल्या, त्या निवेदन करणाऱ्या पोरीनं विचारलं, "मावशी, जाता जाता कुणाला काही सांगायचंय?" आईनं माईक खाली केला. पार मागं दाराशी तुम्ही उभे होतात, तिकडं बघितलं आणि आवाज न काढता बोलली. कारखान्यात मागांच्या खडखडाटात तुम्ही दोघं तीस वर्षं बोललात तशी, नुसत्या ओठांनी. पोरगी म्हणाली, "मावशी, आवाजच नाही आला!" आई म्हणाली, "ज्याला आला त्याला आला." सगळं नाट्यगृह हसलं. आणि तुम्ही मान डोलावलीत, असं वैजू सांगते.

काय म्हणाली, ते तिनं सांगितलं नाही आणि तुम्हीही नाही. मग पाच महिन्यांत ती गेली.

म्हणून म्हणतो, पेटीला हात लावू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून कागद लिहिलाय. नाहीतर ओरडलो असतो.

तुमचा संग्राम

*

पहाडगंज, दिल्ली
२९ सप्टेंबर २०२४

अण्णा,

मोबाईलचं अक्षर दिसत नाही, पत्राचं तरी मोठं काढ, असं लिहिलंत. काढलं. आठवीत शाळा सोडली म्हणून अजून किती दिवस टोमणे मारणार? हे बघा, आता एका पानावर दहाच ओळी बसतात. पोस्टाचा खर्च तुमच्या नावावर.

बरं, चित्र धुरकट येतं ही तुमची तक्रार. ही आधी का नाही सांगितलीत? ही तर माझ्या धंद्यातली गोष्ट. धुरकट चित्राच्या तक्रारीवर तर माझं पोट चालतं. इथं लोक आधी भांडतात, मग कळतं की वायर सैल होती. तर नीट वाचा.

पेटीच्या मागून टीव्हीला जी चपटी वायर जाते ती काढून, फुंकर मारून परत घट्ट बसवा. पिवळी-लाल-पांढरी वायर लावली असेल तर ती काढून फेका, तिच्यातून HD येत नाही. रिमोटवर सेटिंगमध्ये चित्राचा मोठा आकडा निवडा. गच्चीवर कुणी कपडे वाळत घालताना छत्रीला धक्का दिलाय का बघा. टीव्हीची काच ओल्या फडक्यानं पुसा, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा कपाटात आहे तो मऊ आहे.

आणि एक. रोज लावून लावून ती झिजली असणार, असं जे लिहिलंत, ते मनातून काढा. ती कॅसेट नाही. तुमच्या लहानपणीची तबकडीही नाही. आतली चकती कितीही वेळा फिरली तरी चित्र जसंच्या तसं राहतं. दिवसातून दहा वेळा लावा. "दर वेळी थोडी कमी दिसते" असं काही नसतं. तुम्ही तिला जपायचं म्हणून आता आठ-आठ दिवस लावत नाही, हे वैजूनं सांगितलं, तेव्हा मी शिडीवर होतो. उतरून खाली बसलो थोडा वेळ.

वैजूशी माझं यावरून वाजलंच. ती म्हणते, "दादा, मला तर चांगलं दिसतं रे, अण्णाच म्हणतात धुरकट." मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं, तुझ्या घरी केबल आहे, तुला सगळंच चांगलं दिसणार. HD ची सवय झालेल्या माणसालाच फरक कळतो. यात मी तुमच्या बाजूनं बोललो, लक्षात ठेवा.

ती असंही म्हणाली की तुम्ही उंबऱ्याला दोनदा ठेचकाळलात. चपलेचा अंगठा तुटला असेल. नवी घ्या, चिक्कूपणा करू नका.

माझं बरं आहे. काम सोडलं नाही, ठेकेदार बदलला. वैजूनं उलटं सांगितलं असेल. आधीचा दुसऱ्याच्या नावानं बिलं फाडायचा. नवा नोएडापर्यंत पाठवतो पण बोलायला बरा आहे. मला "मराठा" म्हणून हाक मारतो, सगळ्यांनाच काहीतरी म्हणतो. एका जागी टिकत नाही असं तुम्ही म्हणणार, म्हणा. माग एका जागी टिकतो, म्हणून तर मी त्याच्यासमोर उभा राहिलो नाही.

वायर बघून कळवा.

संग्राम

*

पहाडगंज, दिल्ली
१४ ऑक्टोबर २०२४

अण्णा,

वायर बघितलीत, असं लिहिलंत. सेटिंग केलं. शेजारच्या माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलावून गच्चीवर छत्री हलवली, बसवली, परत हलवली. काच पुसली. आणि उत्तर काय, तर "ती विझली. तुझी पेटी फसवी निघाली. आम्ही विणलेलं धोतर वीस वर्षं टिकायचं, तुझं यंत्र दोन वर्षं टिकलं नाही."

हे वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. घ्या, तुम्हाला ऐकायचं असेल तर.

मागाला खराब म्हटलेलं तुम्ही कधी ऐकून घेतलंत? कान गेले तुमचे त्या मागांनी, चाळिशीत गेले, तरी कुणी बोललं की उठून जायचात. मग माझ्या कामाला फसवं म्हणायला काय लागतं तुम्हाला? आईला ती पेटी मी शिकवली. लाल बटण कुठलं, पिवळं कुठलं. आपलाच कार्यक्रम तिनं आपल्या हातानं रेकॉर्ड केला, मला इथं फोन करून म्हणाली, "बघ, मी मला धरून ठेवलं." ते फसवं?

धुरकट कसं येईल, अण्णा? मी दिवसभर हेच करतो. माझ्या डोक्यात जेवढं होतं तेवढं सगळं लिहून पाठवलं. आता एकच राहिलं, की तुम्हाला ती पेटी नकोच आहे. मी आणली म्हणून नको. केबल घेतली की माझा रिचार्ज नको, माझं पत्र नको, मिटला विषय.

एक विचारतो. सहा पत्रांत विचारायचं टाळलं. ती काय म्हणाली?

दिवसकार्याला आलो तेव्हा तुम्ही झोपल्यावर मी ती जागा लावायचो. थांबवायचो, मागं घ्यायचो, परत. ओठ स्पष्ट दिसतात. वाचता येत नाहीत. ती भाषा कारखान्यात उभं राहिल्याशिवाय येत नाही आणि मी उभा राहिलो नाही. वैजूलाही येत नाही, ती शाळेत जायची. त्यातही तुमची बोली तुमच्या दोघांपुरती, जगात दोनच माणसांना यायची, एक गेलं, आणि दुसरं माझ्याशी बोलत नाही.

शूटिंगच्या दिवशी मी दिल्लीत होतो. दिवाळीलाही आलो नव्हतो. माझ्याबद्दल काही म्हणाली असेल तर सांगा. मला बोलावून घ्या असं म्हणाली असेल तरी सांगा, आणि त्याचं नाव काढू नका असं म्हणाली असेल तरी. नसेलच सांगायचं, तर द्या ती पेटी केबलवाल्याला. दिवाळीची ऑफर चालू असेल. द्या, टाका भंगारात. पुढच्या महिन्यापासून रिचार्ज मारणार नाही. माझा संबंध संपला.

संग्राम

*

पहाडगंज
२६ ऑक्टोबर २०२४

अण्णा, मागच्या पत्रातलं काही धरू नका. वैजूनं तुम्हाला हातवारे करून सांगितलं असेलच, पण तिला अर्धं कळलंय, म्हणून सगळं लिहितो. अक्षर आणखी मोठं काढलंय. टोमणा म्हणून नाही.

आज सकाळी आर. के. पुरमला काम होतं. सरकारी क्वार्टर, तिसरा मजला, पुण्याकडचे लोक. दारावर मराठी पाटी बघून बरं वाटलं. रेवतीताई म्हणून आहेत, मंत्रालयात नोकरीला. मी बोललो तशा एकदम मराठीत आल्या, "अच्छा, इचलकरंजीचा का तू? मग नीट सांग यार, भैय्या लोक तर काहीही विकून जातात. रेकॉर्डिंगला केबल घेऊ की डिश?" मी माझं नेहमीचं सुरू केलं. पाऊस, वायर, पोटात ठेवणं. त्यांनी पोहे पुढं केले. तेवढ्यात आतून त्यांचे सासरे आले, सूर्यकांतकाका, भिंतीला हात लावत.

"डिश नको," म्हणाले. "डिशवर सगळं धुरकट येतं. केबलवर बरं होतं."

मी म्हटलं, "काका, असं होणारच नाही. वायर बघतो."

वायर घट्ट. सेटिंग बरोबर. चित्र असं की बाईच्या नथीतला मोती मोजावा. मी म्हटलं, "काका, आता?"

"धुरकटच. कुणाचं तोंड कळत नाही. तुमची यंत्रंच फसवी."

हाच शब्द, अण्णा. मी मागं वळलो तर रेवतीताई हसत होत्या. हळूच म्हणाल्या, "अरे, टीव्ही बिल्कुल ठीक आहे. मोतीबिंदू पिकलाय बाबांचा. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. तोवर रोज एका मेकॅनिकला शिव्या खायला लागतात, आज तुझा नंबर."

माझ्या हातात पोह्यांची बशी होती. ती खाली ठेवली. मोबाईलचं अक्षर दिसत नाही म्हणालात. पत्राचं अक्षर मोठं काढ म्हणालात. उंबऱ्याला ठेचकाळलात, एकदा नाही, दोनदा. वैजूला चित्र चांगलं दिसत होतं. सगळं मला लिहून आलं होतं, माझ्याकडे, आणि मी तुम्हाला वायर फुंकायला लावली. धुरकट म्हटल्यावर माझ्या डोक्यात छत्री आली. डोळा आलाच नाही.

जिन्यातूनच वैजूला फोन केला. म्हटलं, "पेटी देऊ देऊ नको, धावत जा, बस रिक्षात." ती म्हणाली, "काल नेली रे. तुझं पत्र वाचून दाखवायला लावलं मला. ऐकू येत नाही तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं मी एकेक ओळ. मग म्हणाले, त्याचा संबंध संपला ना, मग बोलव केबलवाल्याला. तूच लिहिलं होतंस ना, दादा?"

मीच लिहिलं होतं.

तिचा नवरा नीरज संध्याकाळी केबलवाल्याकडं जाऊन आला. कार्ड केबलवाल्यानं तिथल्या तिथं मोडून टाकलं होतं, आणि पेटी तीस-चाळीस पेट्यांच्या ढिगाबरोबर टेम्पोनं गेली. मिळाली असती तरी त्या कार्डाशिवाय उघडली नसती. हे मला नीरजला समजावून सांगावं लागलं. दिवसाला चार घरी सांगतो तसं सांगितलं, सगळं बरोबर, एक शब्द चुकला नाही.

ती विझली नव्हती, अण्णा. झिजली पण नव्हती. शेवटपर्यंत आहे तशी होती. तुम्ही तिला जपायला म्हणून लावत नव्हतात, आणि ती तिथं होती.

वैजू तुम्हाला सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेणार आहे. जा. तिच्याशी भांडू नका. भांडायचं तर माझ्याशी भांडा.

संग्राम

*

पहाडगंज, दिल्ली
११ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

तुमचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो. वैजूचा नंबर बघून उचलला, आणि तिकडून तुमचा आवाज. वर्षानंतर ऐकला. तुमचा आवाज असा मोठा असतो हे विसरलो होतो, शेजारच्या गच्चीवरच्या पोरी बघायला लागल्या.

"संग्राम, मला तुझं काय ऐकू येणार न्हाई, तवा मधी बोलू नको." मी तरी बोललो. तुम्हाला कळलं नसेल, तुम्ही बोलतच होतात, म्हणून आज कागद घेतला. आणि तुम्ही जे बोललात ते आधी इथं उतरवतो. मी विसरणार नाही, पण माझ्यावर माझा भरवसा राहिलेला नाही.

तुम्ही म्हणालात, पेटीत होतं तोवर सांगायची गरज नव्हती. लावलं की ती स्वतः सांगायची. आता पेटी नाही आणि मला डोळ्याचं काय होईल माहीत नाही, तर कुणाकडं तरी असावं म्हणून सांगतो.

ती म्हणाली, "बसा की आता."

एवढंच. तीनच शब्द. तुम्ही दाराशी उभे होतात, शेजारी खुर्ची रिकामी होती, आणि तिला स्टेजवरून, एवढ्या दिव्यांत, ते दिसलं. तुम्ही मान डोलावलीत आणि उभेच राहिलात. सवय. बारा-बारा तासांच्या पाळ्या उभ्यानं काढल्या, खुर्चीवर बसायचं म्हणजे मुकादम बघतोय असं वाटतं, असं तुम्ही म्हणालात आणि हसलात. मग म्हणालात, "त्या दिवशी बसलो न्हाई. म्हणून रोज पेटी लावायचो तवा आधी बसायचो. मग ती म्हणायची. मग बरं वाटायचं."

आणि फोन ठेवून दिलात. मी हॅलो हॅलो करत राहिलो.

माझं नाव नव्हतं त्यात. एवढे महिने मी काय काय धरून बसलो होतो. कधी वाटायचं मला बोलावलं, कधी वाटायचं माफ केलं. एकदा तर एका घराच्या छतावर, छत्री धरून, मी तिच्या तोंडात स्वतःच एक वाक्य घातलं आणि आठवडाभर त्यावर जगलो. वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला लिहू. पण मग जिन्यात बसलो आणि वाटलं, त्या एवढ्या लोकांत तिला एकच काळजी होती, की तुमचे पाय दुखतील. माझ्या वाट्याला नाही आलं, पण आपल्याच घरात पडलं की.

आता एक ऐका. वैजूकडचा पेन ड्राइव्ह. पहिल्या पत्रात मी त्याला नावं ठेवली होती. केबलचा, बारका, तोंडाचा नुसता डाग. तो तुमच्याकडं आणून ठेवायला सांगितलाय. तुमच्या नव्या पेटीला मागं खाच असेल, नीरज खोचून देईल. त्यात ओठ दिसणार नाहीत. ऑपरेशन झालं तरी दिसणार नाहीत, ते चित्रच तेवढं. पण आता ओठ दिसायची गरज आहे का? साडी ओळखू येते. माईक खाली करते ते कळतं. त्यापुढं ती काय म्हणते ते तुम्हाला माहीत आहे आणि आता मलाही माहीत आहे. केबलवर भागेल, अण्णा. हे मी लिहितोय, मी.

डॉक्टर म्हणाले दोन्ही डोळे पिकलेत, आधी उजवा करू, असं वैजूनं कळवलं. फुकटच्या शिबिराला जातो म्हणालात, त्याचा नंबर फेब्रुवारीत. तोवर थांबायचं नाही. पैसे कुठून आणलेस ते विचारू नका. शिडी आणि ड्रिल मशीन सध्या माझ्याकडं नाहीत, तर छत्र्या बसवायचं काम थोडे दिवस बंद आहे. खाली हॉटेलात चादरी बदलतो. सकाळी पंचवीस खोल्या. चादरीचा काठ हातात आला की वाटतं, ही कुठल्या मागावरची हे अण्णांनी बोट फिरवून सांगितलं असतं. मला सांगता येत नाही. पट्टी निघाली की शिकवा. ती ओठांची बोलीही. मी होळीला येतो, दोन आठवडे काढून येतो, कारखान्यात नाही तर स्वयंपाकघरात समोरासमोर उभे राहू, नाहीतर नकोच, बसू.

दवाखान्यात गर्दी असते. नंबर लागेपर्यंत दाराशी उभे राहू नका. तिथं खुर्च्या असतात. बसा की आता.

वैजूच्या खात्यावर टाकलेत, अठरा हजार पाचशे.